चाहत्यांचे न्यायालय आणि गैरहजर आरोपी

६ डिसेंबर २०१४. इंग्लंडमधल्या स्टोक शहराचे रेल्वे स्थानक. ६५ वर्षांचे एक उंच, सडपातळ गृहस्थ लंडनच्या गाडीत चढत असताना फलाटावरच्या काही लोकांनी त्यांना पाहिले आणि त्यांची हुर्यो उडवायला सुरुवात केली. त्या गृहस्थांचे नाव आर्सेन वेंगर. लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचे १८ वर्षांपासूनचे मॅनेजर. त्या दुपारी त्यांचा संघ स्टोककडून ३-२ असा हरला होता. मध्यंतरालाच तो ३-० ने मागे पडला होता. पण हुर्यो उडवणारे स्टोकचे नव्हते. ते आर्सेनलचेच पाठीराखे होते, सामना पाहून त्याच स्थानकावरून परत निघालेले.

त्या वेळी अनेक शहाण्यासुरत्या पत्रकारांनी या लोकांवर टीकेची झोड उठवली. ज्या माणसाने सर्व काही दिले त्याच्याशी हे असे वागणे? कृतघ्न, अडाणी, झुंडशाही! वाचकहो, ही विशेषणे आपल्याला नवी नाहीत. खालचा माणूस वरच्याला प्रश्न विचारू लागला की ती बाहेर येतातच. शिवीगाळीचे समर्थन मी करणार नाही. वयस्क माणसाला स्टेशनावर गाठून अपमानित करणे हे वाईटच. परंतु शिवी बाजूला काढल्यावर जे उरते त्याचे काय? त्या लोकांचे म्हणणे खरे होते की खोटे? आणि ते म्हणण्याचा त्यांना अधिकार होता की नव्हता? वकिलाला हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेच लागतात.

आधी वेंगर यांची बाजू. १९९६ साली ते जपानमधल्या नागोया संघाकडून आर्सेनलमध्ये आले, तेव्हा लंडनच्या एका सायंदैनिकाने ‘आर्सेन कोण?’ असा मथळा दिला होता. या परक्या फ्रेंच माणसाने खेळाडूंचा आहार बदलला, सराव बदलला आणि १९९८ साली लीग व एफए चषक दोन्ही जिंकले. इंग्लंडबाहेरून, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडबाहेरून आलेल्या मॅनेजरने इंग्लिश लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. २००२ साली पुन्हा दोन्ही चषक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लीड्सविरुद्ध त्यांनी ११ पैकी ९ कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले आणि संघ ४-१ ने जिंकला. ज्या देशाच्या मैदानांवर एका दशकापूर्वीपर्यंत काळ्या खेळाडूंवर केळी फेकली जात, तिथे ही गोष्ट कोणतीही घोषणा न देता घडली. उत्तर लंडनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत आर्सेनलचे प्रेम आधीपासून होते. डेव्हिड रोकॅसल, मायकेल थॉमस, इयान राइट यांनी ते लावले होते. वेंगर यांनी ते नैरोबी, कम्पाला, लागोसपर्यंत पोहोचवले.

आणि आमच्या वसतिगृहापर्यंतही. २००३-०४ चा तो हंगाम मी कायद्याचा विद्यार्थी असताना सामाईक टीव्हीवर पाहिला. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव एकही नाही. चेंडू तिएरी ऑन्रीकडे डाव्या अंगाला आला की आमच्यातले कबड्डीवालेसुद्धा उठून उभे राहत. ४९ सामन्यांची ती अपराजित मालिका ऑक्टोबर २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने तोडली. त्या रात्री जेवायला कोणी गेले नाही.

म्हणून पुढे जे लिहितो आहे ते वेंगर यांच्या विरोधकाने लिहिलेले नाही, हे लक्षात घ्यावे.

आता फिर्याद. चाहत्यांचे म्हणणे मुळात एका वाक्याचे होते : संघाच्या पाठीला पहारेकरी नाही. २००४ च्या संघात पॅट्रिक व्हिएरा आणि गिल्बर्टो सिल्व्हा ही जोडी मधल्या फळीत होती. बाकीचे चढाईला गेले तरी घर उघडे राहत नसे. व्हिएरा २००५ मध्ये गेला, गिल्बर्टो २००८ मध्ये. त्यांच्या जागी वेंगर यांनी चेंडूवर हुकूमत असलेली, नाजूक अंगाची, सुरेख पास देणारी पोरे आणली. दोन्ही बाजूंचे बचावपटू एकाच वेळी पुढे धावत. मधलेही पुढे. चेंडू हिसकावला गेला की अर्धे मैदान मोकळे. प्रतिस्पर्ध्याने करायचे काय, तर शिस्तीत मागे बसायचे, वाट पाहायची आणि एक लांब पास. प्रत्येक मोठ्या सामन्यात तोच गोल, त्याच पद्धतीने. ऑगस्ट २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून ८-२. मार्च २०१४ मध्ये, वेंगर यांच्या हजाराव्या सामन्यात, चेल्सीकडून ६-०.

हे ओळखायला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागत नाही. जो माणूस वीस वर्षे त्याच बाकावर बसून तोच संघ पाहतो त्याच्याजवळ एक प्रकारचा पुरावा साठत जातो. आमच्या कोर्टात जुना शिरस्तेदार नव्या न्यायाधीशाला नुसत्या चेहऱ्याने सांगतो की हा साक्षीदार पढवलेला आहे; तसेच काहीसे. पंडित मंडळी आठवड्याला दहा संघ पाहतात, चाहता एकच पाहतो. त्याची नजर अरुंद असेल, पण खोल असते.

आणि या पुराव्याला पुष्टी कोणी दिली? खुद्द वेंगर यांनी! फ्रान्सिस कोकलाँ नावाचा खेळाडू होता. लीगमधले त्याचे पदार्पण त्याच ८-२ च्या सामन्यात झालेले, बिचारा. पुढे त्याला खालच्या पातळीवरच्या चार्लटन संघाला उसना दिला होता. दुखापतींमुळे माणसे कमी पडली म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे स्टोकच्या प्रकारानंतर काही दिवसांतच, त्याला परत बोलावले. १८ जानेवारी २०१५ रोजी आर्सेनल मँचेस्टर सिटीच्या घरी खेळायला गेले. कोकलाँ बचाव फळीपुढे खिळ्यासारखा उभा. संघ मागे, दाटीने. चेंडू बहुतेक वेळ सिटीकडेच, आणि निकाल आर्सेनल २, सिटी ०. फलाटावरचे लोक जे वर्षानुवर्षे ओरडून सांगत होते ते एकदा करून पाहिले आणि जमले. पण ती नवी व्यवस्था योजून आणलेली नव्हती, अडचणीत सापडलेली होती. २०१५ च्या उन्हाळ्यात आर्सेनलने मैदानात धावणारा एकही खेळाडू विकत घेतला नाही. घेतला तो फक्त गोलरक्षक पेटर चेक. मधली फळी पुन्हा त्याच कोकलाँच्या भरवशावर, आणि नोव्हेंबरात तो जखमी झाला. त्या हंगामात सर्व बडे संघ ढेपाळले होते. लीग कोणी जिंकली? लेस्टरने. आर्सेनलने त्या लेस्टरला दोनदा हरवले होते, तरी शेवटी दुसरेच.

फॉर्म हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. वर्तमानपत्रे शेवटच्या पाच निकालांची ओळ छापतात आणि त्यालाच फॉर्म म्हणतात. तो निकाल असतो, निकालपत्र नव्हे. कोणाशी खेळले, कुठे खेळले, कोण जखमी होते, गोल कसा झाला, हे त्या ओळीत नसते. जाणता चाहता ते सारे डोक्यात ठेवतो. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी वेस्ट ब्रॉमला आर्सेनल १-० ने जिंकले, त्याच सामन्यात प्रेक्षकांनी वेंगर यांना उद्देशून फलक धरला होता : आठवणींसाठी धन्यवाद, पण आता निरोपाची वेळ आली. जिंकलेल्या सामन्यात! निकालाच्या नादी न लागता खेळ पाहणाऱ्यालाच हे सुचते. मला तो फलक फार सभ्य वाटतो. त्यात उपकार नाकारलेले नाहीत, आणि उपकाराच्या बदल्यात डोळे मिटण्याचेही नाकारले आहे.

पण बहुतेकांना इतका तोल सांभाळता आला नाही. चाहत्यांत उभी फूट पडली. १८ मार्च २०१७ रोजी त्याच वेस्ट ब्रॉमच्या मैदानावरून सामना चालू असताना दोन विमाने उडाली. एका विमानाच्या शेपटीला वेंगर यांना नवा करार देऊ नका असा फलक, दुसऱ्याच्या शेपटीला आमचा आर्सेनवर विश्वास आहे असा. खाली संघ ३-१ ने हरत होता. त्याआधी दहा-बारा दिवसांपूर्वीच बायर्न म्युनिकने दोन सामने मिळून १०-२ ने धुतले होते. भक्त आणि द्रोही अशी विभागणी झाली की चर्चा संपते आणि उरते ते दोन विमानांचे भाडे.

त्यानंतर एप्रिलमध्ये वेंगर यांनी वीस वर्षांत प्रथमच तीन बचावपटूंची फळी लावली. शेवटच्या १० पैकी ९ सामने जिंकले. एफए चषकाच्या अंतिम सामन्यात लीगविजेत्या चेल्सीला २-१ ने हरवले. लीगमध्ये मात्र ७५ गुण आणि पाचवा क्रमांक. चौथ्या लिव्हरपूलचे ७६. एका गुणाने चॅम्पियन्स लीग हुकली. दोन दशके सलग पहिल्या चारांत राहण्याची परंपरा तुटली. मग भक्त म्हणाले, पाहा, अजून दम आहे. टीकाकार म्हणाले, हे सप्टेंबरात का सुचले नाही? माझ्या मते टीकाकारांचा प्रश्न अधिक टोकदार होता. चषकानंतर चार दिवसांनी वेंगर यांना दोन वर्षांचा नवा करार मिळाला. पुढल्या हंगामात संघ सहावा आला. २०१८ मध्ये घराबाहेर लीगचे ओळीने सात सामने हरला. क्लब प्रेक्षकसंख्या म्हणून विकलेल्या तिकिटांचा आकडा जाहीर करी, आणि टीव्हीवर लाल खुर्च्या रिकाम्या दिसत. २० एप्रिल २०१८ रोजी वेंगर यांनी जाण्याची घोषणा केली.

इथपर्यंत खटला सरळ दिसतो. पण प्रश्न असा आहे की पिंजऱ्यात उभा केलेला हा एकटाच आरोपी होता काय?

२००६ साली क्लब ६०,००० प्रेक्षकांच्या नव्या एमिरेट्स स्टेडियममध्ये गेला. त्यासाठी सुमारे ३९० दशलक्ष पौंड लागले. कर्ज फेडायचे म्हणून उत्तम खेळाडू विकले जात होते. ऑन्री २००७, फाब्रेगास आणि नास्री २०११, व्हॅन पर्सी २०१२, तोही मँचेस्टर युनायटेडला. त्या काळात वेंगर काटकसरीने संसार करून दरवर्षी पहिल्या चारांत येत होते. चॅम्पियन्स लीगचा प्रवेश हाही चषकासारखाच आहे असे ते म्हणत, आणि चाहते त्यावर हसत. मालकाच्या हिशेबाने मात्र त्यात हसण्यासारखे काही नव्हते! एप्रिल २०११ पासून क्लबचा बहुमताचा मालक होता स्टॅन क्रोंके हा अमेरिकन अब्जाधीश. हा माणूस इतका कमी बोले की त्याचे नावच मुका स्टॅन पडले होते. २०१५ च्या ताळेबंदात क्लबजवळ २०० दशलक्ष पौंडांहून अधिक रोकड होती. त्यातला मोठा भाग सीझन तिकिटांच्या आगाऊ वसुलीचा होता हे खरे, तरी एक मधल्या फळीचा खेळाडू परवडला नसता असे कोणी म्हणू नये. त्याच सुमारास क्रोंकेच्या कंपनीने सल्लागार सेवेपोटी क्लबकडून दोन वर्षे प्रत्येकी ३० लाख पौंड घेतले. सल्ला कसला, हे भागधारकांना नीट कळले नाही.

खर्च न करण्याचे खापर वेंगर यांनी नेहमी स्वतःच्या डोक्यावर घेतले. निष्ठावान नोकर असेच करतो. आणि चाहत्यांचा राग त्याच्यावरच खर्च होत राहिला, कारण तोच दिसत होता. मॅनेजर दर आठवड्याला पत्रकारांसमोर बसतो, मैदानाच्या कडेला उभा राहतो, कोटाची चेन लागली नाही तर तीही साऱ्या जगाला दिसते. मालक दुसऱ्या खंडात असतो. स्टोकच्या फलाटावर तो कधीच येणार नव्हता.

चाहत्यांतल्या ज्यांना हे कळले होते ते वार्षिक सभेत जात. क्लबचे काही थोडे शेअर सामान्य माणसांकडे होते. कित्येक घरांनी ते पिढ्यान्पिढ्या जपले होते. ज्यांना पूर्ण शेअर परवडत नसे अशांसाठी आर्सेनल सपोर्टर्स ट्रस्टने २०१० मध्ये वाटा-वाटाने घेण्याची योजना काढली होती. ऑक्टोबर २०१७ च्या सभेत अध्यक्ष सर चिप्स केझविक आणि क्रोंकेपुत्र जॉश यांच्या फेरनिवडीचा ठराव आला. हात वर करून मतदान झाले, आणि सभागृहाने दोघांनाही नाकारले. मग पोल मागितला गेला. पोल म्हणजे शेअर मोजून मते. दोघेही निवडून आले. हात वर करणे म्हणजे एक माणूस, एक मत. पोल म्हणजे एक शेअर, एक मत. या दोहोंतला फरक या पानाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

पुढल्याच वर्षी तो सभागृहाचा त्रासही संपवला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये क्रोंकेने उरलेले शेअर घेण्याचा प्रस्ताव ठेवला. त्याच्याकडे सुमारे ६७ टक्के होते, रशियन अब्जाधीश अलिशेर उस्मानोव्हकडे सुमारे ३० टक्के. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यात कलम ९७९ आहे. प्रस्ताव ज्या शेअरांसाठी आहे त्यांपैकी ९० टक्के मिळाले की बाकीचे सक्तीने घेता येतात. आपल्याकडेही २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २३६ मध्ये ९० टक्क्यांची याच जातीची तरतूद आहे. आता हिशेब करा. विकत घ्यायचे ३३ टक्के, त्यांपैकी ३० उस्मानोव्हचे. म्हणजे त्या एकट्याची सही झाली की ९० टक्के भरले. उरलेल्या शेकडो लोकांचे हो किंवा नाही कोणी विचारण्याचे कारणच उरले नाही. शेअरमागे २९,००० पौंडांहून अधिक भाव मिळाला, तेव्हा अन्याय कसला असे विचारणारे लोकही होते. त्या माणसांना भाव नको होता. त्यांना सभेतली खुर्ची हवी होती. शेअर गेले, तशी ती सभाही गेली.

याचा अर्थ चाहत्यांचे प्रत्येक म्हणणे बरोबर असते असा कोणी घेऊ नये. वेंगर यांच्याच हाताखाली खेळलेले मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये मॅनेजर झाले. २०२० च्या नाताळात संघ पंधरावा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले तीन सामने एकही गोल न करता हरले, ९ गोल खाल्ले, तळाला गेले. हकालपट्टीची मागणी झाली. रवांडाचे अध्यक्ष पॉल कागामे आर्सेनलचे जुने चाहते. त्यांनीही ही सुमार कामगिरी चालवून घेऊ नये असे जाहीरपणे सुनावले. स्वतः ९९ टक्क्यांच्या आसपास मतांनी निवडून येणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याकडे जबाबदारीचा हिशेब मागावा, ही गंमत जाता जाता नोंदवतो. पण क्लबने वाट पाहिली, आणि २०२३, २०२४, २०२५ अशी तिन्ही वर्षे संघ दुसरा आला. २०२४ ला तर ८९ गुण, विजेत्यांपेक्षा अवघे दोन कमी. गर्दीला रोग दिसतो. औषधाला किती दिवस लागतील हे तिला सांगता येत नाही. मीसुद्धा त्या ऑगस्टमध्ये आर्टेटांना घालवा म्हणणाऱ्यांतच होतो, आणि घरात पुतण्याशी त्यावरून कडाक्याचे भांडलो होतो. तो आजही आठवण करून देतो.

मात्र जिथे चाहत्यांनी मॅनेजरला सोडून मालकाकडे मोर्चा वळवला तिथे काय घडले ते पाहा. जानेवारी २०१३ मध्ये एमिरेट्सवर पाहुण्या मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांसाठी तिकीट होते ६२ पौंडांचे. सिटीच्या वाट्याच्या ३,००० पैकी ९१२ तिकिटे परत गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलचे हजारो चाहते ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाविरुद्ध बरोबर ७७ व्या मिनिटाला मैदान सोडून गेले. मालकांनी काही दिवसांत माघार घेतली. त्याच वर्षीपासून लीगने पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये आर्सेनलसह सहा इंग्लिश क्लबांच्या मालकांनी चाहत्यांना न विचारता बड्यांची वेगळी सुपर लीग जाहीर केली, आणि दोन दिवसांत गुंडाळली. माघारीनंतरही २३ एप्रिलला एमिरेट्सबाहेर हजारो लोक जमले. त्या संध्याकाळी व्यूहरचनेबद्दल कोणी बोलत नव्हते. क्रोंकेने चालते व्हावे एवढेच त्यांचे म्हणणे होते.

क्रोंके गेला नाही. पण त्या उद्रेकातून सरकारी चौकशी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेचा फुटबॉल प्रशासन कायदा अस्तित्वात आला. स्वतंत्र नियामक नेमला गेला. तिकिटांच्या दरांवर चाहत्यांशी सल्लामसलत करणे आता क्लबांना भाग आहे. बोधचिन्ह किंवा घरच्या सदऱ्याचा रंग बदलायचा तर चाहत्यांच्या बहुमताचा पाठिंबा आहे की नाही हे तपासावे लागेल. संचालक मंडळावर मत मात्र नाही. गेलेले शेअरही परत मिळालेले नाहीत.

२०२३ च्या जुलैत एमिरेट्सबाहेर वेंगर यांचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला, डोक्यावर चषक उंचावलेला. स्टोकच्या फलाटावर ओरडलेल्यांपैकी काही जणांनी त्याच्यासमोर उभे राहून फोटोही काढले असतील. काढावेत, त्यात विसंगती काहीच नाही. पुतळा क्लबने उभारला. म्हणजे मालकाने.